वखारीचं इंजिन, पावाची गाडी

तिला सगळे भोंगा म्हणत, तोंडावर मात्र ताई. पावाच्या गाडीला हॉर्न होता, पण तो बिघडल्यावर तिने कधी दुरुस्त केला नाही आणि कुणाला त्याची उणीवही भासली नाही. वळणावर ती खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायची आणि माणसं, सायकली, झोपलेली कुत्री सगळी बाजूला व्हायची.

गाडी तिच्याहूनही वयाने मोठी. नाक गोल, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले, मागचा डबा लाकडी. तिच्या वडिलांनी ती दुसऱ्या हाताची घेतली होती. ते चालवायचे आणि ही पोरगी पावाचे ट्रे उतरवायची. पुढे त्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी एका सकाळी बेकरीच्या दारात चावी तिच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या जागेवर जाऊन बसले. त्यावर घरात बोलणं असं झालंच नाही. वडील वारले त्या सकाळीही चढावरच्या दवाखान्यात आणि शाळेत पाव वेळेवर पोचले होते. ही गोष्ट लोक अजून सांगतात, कुणी कौतुकाने, कुणी नावं ठेवून.

राग तिचा रोजचा होता, जसा कुणाचा खोकला असतो. बेकरीवाल्याने पाव करपवले की राग, ट्रेची कडी निसटली की राग, कुणी "ताई, आता तुम्ही दमत असाल" म्हटलं की सगळ्यात जास्त. त्या रागाची आम्हाला सवय होती. पण मी सांगतोय तो राग वेगळा. तो तिला आयुष्यात एकदाच आला, आणि तो यायला कारणही तसंच घडलं.

तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सुटून आली ती घरात न जाता आधी शेडमध्ये गेली. टाक्यांवर एक हात दाबून धरलेला, दुसऱ्या हाताने तिने बॉनेट उचललं. जिथे इंजिन असायचं तिथून खालची जमीन दिसत होती. नळ्यांची तोंडं सुतळीने नीट बांधून ठेवलेली. ती सुतळीची गाठ तिने ओळखली. अशी गाठ घरात एकच माणूस मारायचा, तिचा थोरला भाऊ.

थोरला जेवायला बसला होता. आई खिडकीशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"इंजिन कुठाय?"

"आधी बस तरी. पाणी पी."

"दादा, इंजिन कुठाय?"

"दिलं एकाला. जुनी इंजिनं जमवतो तो." थोरल्याने वर बघितलं नाही. "आणि गाडीला पण गिऱ्हाईक आहे. बाहेरगावचा एक हॉटेलवाला. बागेत उभी करणार, कुंड्या ठेवणार तिच्यात. रंगबिंग देऊन छान ठेवेल. डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला? वजन उचलायचं नाही. तू ऐकणार होतीस का? गाडी आहे तोवर तू ट्रे उचलणारच."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

त्या "मग"वर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती ओरडली नाही, आणि भोंगा ओरडत नाही म्हटल्यावर थोरल्याच्या हातातला घास हातातच राहिला. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "गाडीत दुसरं इंजिन बसवीन मी."

"गाडीच्या वयाचं इंजिन आता मिळतं का कुठे?"

"मिळेल ते बसवीन."

आईने घडी घातलेलं धोतर मांडीवर ठेवलं. ते वडिलांचं होतं, ती ते अजून महिन्याकाठी धुवायची. आईला ऐकू कमी यायचं, पण यायला हवं ते बरोबर यायचं. "हॉटेलवाल्याची लॉरी कधी येणार?" तिने विचारलं.

"पुढच्या महिन्यात, अमावास्येनंतर."

"तोवर ही गाडी चालली तर हिची. नाही चालली तर ने म्हणावं."

"नुसती चालून काय उपयोग?" थोरला म्हणाला. "शेडमधून दारापर्यंत कुणीही चालवेल. भरल्या गाडीने दवाखान्याचा चढ चढून शाळेपर्यंत जायला हवी. आणि पाव भरून नाही. पाव म्हणजे कापूस. बेकरीतली पिठाची पोती भरून."

"भर," भोंगा म्हणाली. "हवं तर तूही बस वर."

आता इंजिन. गावाबाहेर एक लाकडाची वखार होती, बंद पडून बरीच वर्षं झालेली. तिथल्या मोठ्या गोल करवतीला फिरवायला एक डिझेल इंजिन होतं. ठेंगणं, जाडजूड, काळं. आमच्या लहानपणी दिवसभर त्याचा ठोका गावावर ऐकू यायचा. ही वडिलांबरोबर वखारीत कामगारांचे पाव द्यायला जायची तेव्हा तासन्‌तास त्याच्यापुढे उभी राहायची. त्या इंजिनाची एक खोड होती. त्याला गव्हर्नर होता. ओंडका करवतीवर आला की दुसरं इंजिन दबतं, हे दबत नसे. ओझं आलं की ते स्वतःच जास्त तेल ओढायचं आणि आपला वेग सोडायचं नाही. ती म्हणायची, या गावात न दबणारे दोनच, एक ते इंजिन आणि दुसरी मी.

वखारवाला म्हातारा ओसरीत पडून असायचा. तिने इंजिन मागितलं तेव्हा तो उठून बसला. "भंगारवाल्याला देण्यापेक्षा तुझ्याकडे गेलेलं बरं. पण बाई, त्याचा पट्टा जो होता ना, तो..."

"पट्टा नकोच आहे मला. इंजिन सरळ गिअरबॉक्सला जोडणार."

"तेच सांगतोय. पट्ट्याचं असं होतं की..."

"आजोबा, पट्टा उंदरांनी कधीच खाल्लाय. त्याच्या नावाने आता काय रडायचं?"

म्हातारा पुन्हा आडवा झाला. तिच्यापुढे बोलून कुणी शहाणं झालं नव्हतं.

पुढचं काम लेथवाल्याच्या शेडमध्ये झालं. लेथवाला म्हणजे सावकाश माणूस. बोलायच्या आधी हात पुसायचा. चेनकप्पीला टांगून इंजिन गाडीच्या नाकावर आणलं तेव्हा गाडी आणि इंजिन एकमेकांकडे स्थळ बघायला आल्यासारखी बघत होती. एकाचा एक बोल्ट दुसऱ्याच्या भोकात बसत नव्हता. लेथवाल्याने जाड पोलादी पत्र्याची एक तबकडी कापली. तिच्या एका अंगाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. इंजिन जड, म्हणून पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत एकेक पाटा वाढवला. हादरे खायला ट्रकच्या टायरचे तुकडे खाली घातले. ही स्टुलावर बसून टाक्यांवर हात ठेवून ओरडत होती. "तिथे नाही, तिथे. अरे, उजवा हात कुठला ते तरी ठाऊक आहे का तुला?"

तबकडी बसवताना लेथवाल्याने हात पुसले. "ताई, हे फिरतं कुठल्या बाजूने?"

"फिरतं बरोबर. करवत कशी फिरायची आठवते ना? दात वरून खाली, ओंडक्यावर. मी लहानपणापासून बघितलंय."

"करवतीचं आठवतं. इंजिनाचं विचारतोय."

"करवत काय स्वतःच्या मनाने फिरायची? तू बोल्ट आवळ."

इंजिन सुरू झालं तेव्हा शेडच्या पत्र्यांवरची धूळ खाली आली. गाडीची दारं, दिवे, काचा, सगळं एका तालात वाजायला लागलं. लेथवाला म्हणाला, "एकदा गिअर टाकून बघू."

अमावास्या होऊन गेली होती. लॉरी दुसऱ्याच दिवशी येणार होती. "उद्या सगळ्यांसमोरच टाकते," ती म्हणाली. "आधी शेडमध्ये चाचपून बघितलं असं त्याला म्हणायला नको."

हे तिचं चुकलं. आणि ज्याला तिचा राग ठाऊक आहे त्याला कळेल, की ती दुसरं काही म्हणूच शकली नसती.

सकाळी बेकरीच्या अंगणात सगळा गाव जमला. काही माणसं अशी असतात की त्यांना दुसऱ्याच्या घरची चूल विझताना बघायला पहिल्या रांगेत जागा लागते. तीही आली होती, धुतलेले कपडे घालून. थोरल्याने स्वतः उभं राहून पोती मोजून चढवून घेतली. बेकरीवाला कुरकुरला, "पोती वर नेऊन परत आणा रे, मला उद्या पीठ लागणार आहे." आईला दोघींनी धरून पुढच्या जागेवर बसवलं. न्याय तिला द्यायचा होता, तेव्हा ती गाडीतच बसणार म्हणाली.

लेथवाल्याने हँडल मारलं. इंजिन धडधडलं. भोंगाने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

मागे रिकाम्या ट्रेची चळत होती. ती कोसळली तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. तिने दुसरा गिअर टाकला. गाडी आणखी जोरात मागे गेली आणि बेकरीच्या भिंतीला टेकली.

मग हसणं सुरू झालं. पोटं धरून, एकमेकांच्या पाठीवर थापा मारून लोक हसले. ज्यांच्या घरी तिने भर पुरात पाव पोचवले होते तेही हसले. मला ते हसणं आजही आठवतं आणि आजही माझ्या हाताच्या मुठी वळतात. थोरला म्हणाला, "शाळा इकडे आहे गं, समोर. तू कुठे निघालीस?" त्यावर पुन्हा हशा.

ती खाली उतरली. लेथवाला बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. गर्दीतून वखारवाला म्हातारा काठी टेकत पुढे आला.

"पट्ट्याला पीळ होता," तो म्हणाला. "तेच सांगत होतो. इंजिन पहिल्यापासून उलट्या फिरतीचं. म्हणून माझ्या बापाने पट्टा एक पीळ देऊन चढवला, की करवत सुलटी फिरावी. तू करवत बघितलीस, बाई. पट्ट्याकडे कोण बघतं?"

लेथवाला हळूच म्हणाला, "हँडल मारताना मला हात चुकल्यासारखा वाटला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलू देता होय?"

तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो अर्धा पाऊल मागे सरला. मग नजर तिनेच खाली घातली. "याला उपाय?"

"आहे. मागचा धुरा काढून उलटा बसवायचा, म्हणजे चाकं सुलटी फिरतील. पण आठवडा जाईल."

"लॉरी दुपारी येणार," थोरला म्हणाला. "ठरलं ते ठरलं. आज म्हणजे आज."

 गाडीच्या गोल नाकासमोर उभी राहून ती त्या इंजिनाचा ठोका ऐकत होती. ते कुणाची पर्वा न करता चाललं होतं. लोकांना वाटलं, आता ही रडेल. मी लोकांना सांगतो, रडणं तिच्या अंगात नव्हतंच, जसं काही माणसांच्या अंगात गाणं नसतं. ती वळली आणि लेथवाल्याला म्हणाली, "पुढचे गिअर मागे नेतात."

"हो."

"मग मागचा?"

लेथवाल्याने हात पुसले. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मागचा पुढे नेईल," तो म्हणाला. "पण अगदी मुंगीच्या पायाने. त्याला जोर सगळ्यात जास्त, वेग सगळ्यात कमी."

"मला कुठे लग्नाला जायचंय?"

ती चढून बसली. रिव्हर्स टाकला. पोत्यांनी दबलेली गाडी भिंतीपासून सुटली, कोसळलेल्या ट्रेमधून करकरत निघाली आणि पुढे, समोर, फाटकातून रस्त्यावर आली. हसणाऱ्यांना वाट करून द्यावी लागली.

माणूस चालतो त्या वेगाने गाडी चढाला लागली. लोक दोन्ही बाजूंनी बरोबर चालत होते. चढ सुरू झाला तसा इंजिनाचा आवाज जाड झाला, पण ठोका ढिला पडला नाही. ओझं आलं तसं त्याने आपणहून तेल ओढलं, वखारीत ओंडका आल्यावर ओढायचं तसं. काळा धूर मागून येणाऱ्यांच्या धुतलेल्या कपड्यांवर गेला.

आईचे दात वाजत होते. "कुठला गिअर हा?" तिने विचारलं.

"मागचा."

"मग पुढे कशी चाललीय?"

"उलट्या रागाने."

थोरला खिडकीशी येऊन चालायला लागला. "उतर खाली. तुझ्या पोटाचे टाके अजून ओले आहेत."

"पोट माझं आहे."

"काही झालं म्हणजे?"

"मग गाडी विक. तोपर्यंत नाही."

"अगं, मी तुझ्या चांगल्यासाठीच केलं."

तिने रस्त्यावरून नजर काढली नाही. "मला विचारून वाईट केलं असतंस तरी चाललं असतं, दादा. मी दवाखान्यात पडलेली असताना तू नळ्यांची तोंडं सुद्धा बांधलीस. नीट, गाठ मारून. एवढा वेळ होता तुझ्याकडे. दवाखाना चढावरच आहे ना? यायला जमलं नाही?"

थोरला खिडकी सोडून बाजूला झाला नाही.

दवाखान्याच्या वळणावर चढ सगळ्यात उभा. तिथे गिअरचा दांडा निसटला. मागचा गिअर असा ओझ्याने उलटा ताणायला केलेलाच नव्हता. गाडी एक हिसका खाऊन उतारावर घसरायला लागली. मागची माणसं पळाली. तिने ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली, दांडा पुन्हा घातला आणि डाव्या हाताने दाबून धरला. पण वळण घ्यायला चाकाला दोन हात लागत होते. त्या गाडीचं चाक एका हाताने वळत नसे, वडिलांच्याही हाताने वळलं नव्हतं.

"आई, हा दांडा धर. दोन्ही हातांनी. माझ्याकडे ओढून धर. सोडू नकोस."

आईने धरला. म्हातारीच्या बांगड्या दांड्यावर वाजत होत्या, खांद्यापर्यंत हात हलत होते, पदर खाली गेला तरी तिने तो सावरला नाही. भोंगाने दोन्ही हातांनी चाक फिरवलं. पोती एका अंगाला कलली, लाकडी डबा कण्हला आणि दवाखान्याची पांढरी भिंत हळूहळू, वीट वीट करत मागे गेली. खिडक्यांतून आजारी माणसं बघत होती. पुढे सपाटी आली आणि शाळेचं फाटक.

तिने इंजिन बंद केलं नाही. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता.

थोरला धापा टाकत पोचला. "हे धरता येणार नाही," तो म्हणाला. "रिव्हर्समध्ये चढली. आणि आईने दांडा धरला. न्याय करणाऱ्यानेच हात लावला तर तो न्याय कसला?"

आई आपले लाल झालेले तळवे बघत होती. "चढून शाळेपर्यंत जायला हवी असं तू म्हणालास," ती म्हणाली. "कुठल्या गिअरमध्ये ते म्हणाला नाहीस. मी समोर बघत होते आणि शाळा समोरून आली. गाडी हिची."

"आणि हात लावलास तो?"

"लेक रस्त्यावरून घसरत असताना मी काय हाताची घडी घालून बसू? तू इंजिन काढलंस तेव्हा मी तशीच बसले होते. ते एकदा पुरे झालं."

हे ऐकून भोंगाने आईकडे बघितलं. म्हणजे आईला ठाऊक होतं. तो राग तिने त्या घडीला गिळला. तो तिने किती दिवस पोटात ठेवला ते मला माहीत नाही. आई गेल्यावरही तो विषय तिने कधी काढला नाही.

पोती परत न्यायची होती. बेकरीवाल्याला पीठ हवं होतं. गाडी वळवून ती उताराच्या तोंडाशी आली तशी आई म्हणाली, "माझे हात गेले बाई. आता मला पेलणार नाही तो दांडा. मी मागे पोत्यांवर बसते."

"मग दांडा कोण धरणार?"

 आई हळूहळू खाली उतरली आणि मागे गेली. रिकाम्या जागेचं दार उघडं राहिलं. उतारावर गिअर सुटला तर पिठासकट, आईसकट गाडी बेकरीच्या भट्टीतच जाऊन थांबली असती.  भोंगा समोर बघतच म्हणाली, "बस."

थोरला बसला.

"दोन्ही हातांनी. सोडलास तर बघ."

गाडी उताराला लागली. खांद्याला खांदा लागत होता, कारण ती जागाच तेवढी. थोरल्याची बोटं पांढरी पडली होती. इंजिन त्याच्या हातांतून, कोपरांतून, दातांतून हलत होतं. वळणावर तो एकदाच म्हणाला, "फार ओढतोय हा."

"ओढणारच," ती म्हणाली. "वीस पोती तूच भरलीस."

बेकरीच्या दारात हॉटेलवाल्याची लॉरी येऊन उभी होती. ड्रायव्हर दोर आणि फळ्या काढून तयार, पावाची गाडी येताना बघून त्याने हात केला. भोंगाने गाडी त्याच्या अगदी पुढ्यात नेऊन ब्रेक लावला, क्लच दाबला. थोरल्याने दांडा धरूनच ठेवला होता.

"आता सोड," ती म्हणाली. "खाली उतर. आणि त्याला काय सांगायचं ते तू सांग. मी नाही सांगणार. मी इथे बसून ऐकते."

थोरला उतरला. पांढरी पडलेली बोटं चोळत तो लॉरीजवळ गेला. ती क्लचवर पाय दाबून, खिडकीत कोपर टेकून थांबून राहिली. त्याने सांगायला तोंड उघडलं तेव्हा तिने हात लांब करून वखारीचं इंजिन बंद केलं, म्हणजे तो काय बोलतो ते सगळ्यांना नीट ऐकू यावं.